बटण दाबल्यापासून पहिलं काम होईपर्यंत

या खेपेला एकाच तक्रारीची पत्रं बरीच आली: कॉम्प्युटर चालू व्हायला फार वेळ लागतो. तक्रार एक असली तरी कारणं निरनिराळी आहेत. सल्ला मात्र बहुतेकांना एकच मिळालेला दिसतो, ‘फॉरमॅट मारा’. खालची उत्तरं वाचल्यावर तो सल्ला कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

प्रश्न : लॅपटॉप २०१९ साली घेतलेला आहे. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून वर्डमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायला घेईपर्यंत साडेचार मिनिटं जातात. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट करू, भाचा म्हणतो रॅम वाढव. कुणाचं ऐकू?
(एक शिक्षिका, साखळी)

उत्तर : तूर्त दोघांचंही नको, बाई. साडेचार मिनिटं ही बेरीज आहे, आधी ती फोडून बघा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून लॅपटॉप रिस्टार्ट करा. पडदा काळा झाला की घड्याळ सुरू. कंपनीचं चिन्ह येऊन त्याखाली ठिपके गोल फिरू लागले की पहिली नोंद. हा वेळ बायोसचा (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचा), विंडोजचा यात काही हात नाही. ठिपके थांबून पासवर्डचा पडदा आला की दुसरी नोंद, म्हणजे कर्नल (विंडोजचा गाभा), ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे प्रोग्रॅम) आणि सर्व्हिसेस (पडद्याआड चालणारे प्रोग्रॅम). पासवर्ड टाकून एंटर दाबल्यापासून खालची टास्कबार दिसेपर्यंत तिसरी (पासवर्ड टाइप करण्याचा वेळ धरायचा नाही). तिथून वर्ड उघडून खरोखर अक्षरं उमटेपर्यंत चौथी. तीनदा मोजा. विंडोज अपडेट बसल्यानंतरची पहिली वेळ सोडून द्या, ती नेहमीच जास्त येते.

समजा आकडे आले १२ सेकंद, ४८ सेकंद, २० सेकंद आणि शेवटी तीन मिनिटं दहा सेकंद. तर दुखणं चौथ्या टप्प्यात आहे. तुमच्या वर्णनावरून तसंच असण्याची शक्यता दाट वाटते.

हीच मोजणी विंडोज स्वतःही करून ठेवतं, पण सहसा कुणी ती उघडून बघत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, त्यात डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल. खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं लागेल. इथे इव्हेंट आयडी १०० ही चालू होण्याची नोंद. ती उघडून डीटेल्स टॅबवर जा. ‘मेनपाथ बूट टाइम’ म्हणजे डेस्कटॉप दिसेपर्यंतचा वेळ, ‘बूट पोस्टबूट टाइम’ म्हणजे त्यानंतर मशीन शांत होईपर्यंतचा. आकडे मिलिसेकंदांत असतात, म्हणून १९०००० दिसलं तर १९० सेकंद समजा. बायोसचा वेळ यात येत नाही आणि स्टॉपवॉचशी तंतोतंत जुळणी होणार नाही, पण कोणता आकडा फुगलाय ते कळतं. त्याच यादीत १०१ असेल तर एखादा प्रोग्रॅम, १०२ ड्रायव्हर, १०३ सर्व्हिस नेहमीपेक्षा जास्त रेंगाळली असा अर्थ. यात ‘टोटल टाइम’ पाहून कुणाला दोषी धरू नका, ‘डिग्रेडेशन टाइम’ पाहा. बिचारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मागे रांगेत उभा राहिला तरी त्याचा टोटल टाइम वाढलेला दिसतो.

आता मूळ रोग. टास्कबार दिसताच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा. अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के आणि रीड स्पीड जेमतेम एक-दोन एमबी, असं दृश्य असेल तर डिस्क रिकामी बसलेली नाही, धावून धावून दमली आहे. लॅपटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. एक फेरी ११ मिलिसेकंदांची, हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर न्यायला साधारण १२. म्हणजे एका वाचनाला १७-१८ मिलिसेकंद, सेकंदाला ५५-६० वाचनं. दर वाचनात ३२ केबी आलं तरी सेकंदाला दोन एमबीच्या वर काही जात नाही. सलग मोठी फाइल वाचताना हीच डिस्क सेकंदाला १०० एमबी देते. पण चालू होताना सलग असं काही नसतंच. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळांच्या) बाजारात एकाच विक्रेतीला वीस जणांनी घेरावं आणि एकाने नारळ, दुसऱ्याने सुपारीचा घड, तिसऱ्याने चिबूड मागावा, तशी त्या हेडची गत होते.

मात्र डिस्क दमली आहे की आजारी आहे, हे आधी तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम डिस्कची स्वतःची नोंदवही दाखवतो. त्यातल्या ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी महत्त्वाच्या, त्या बिघडलेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) मोजणी ठेवतात. शेवटच्या रकान्यातले आकडे सोळाच्या पद्धतीत असतात. फंक्शन मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड फीचर, तिथून रॉ व्हॅल्यूज दशमान केले की वाचायला सोपे जातात. सी५ शून्य नसेल तर तितके सेक्टर वाचता येत नाहीत म्हणून अडकलेले आहेत आणि डिस्क प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत वेळ घालवते आहे. अशा वेळी पहिलं काम प्रश्नपत्रिका आणि फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याचं. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) त्यानंतर, किंवा नकोच. मरणाऱ्या डिस्कवर पूर्ण तपासणी लावणं म्हणजे धाप लागलेल्याला सत्तरीचा घाट चढायला लावणं.

तिन्ही ओळी शून्य असतील तर स्टार्टअपची यादी हाती घ्या. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप टॅब आहे. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ हा रकाना विंडोज ठरलेल्या मापाने भरतं: सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं तर ‘हाय’, ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबीच्या आत असेल तर ‘लो’, मधलं ते ‘मीडियम’. ३ एमबीला हाय आणि ३०० एमबीलाही हायच, त्यामुळे तुमच्या डिस्कसाठी हा शब्द पुरत नाही. रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि ‘डिस्क आय-ओ अ‍ॅट स्टार्टअप’ हा रकाना चालू करा. आता खरा आकडा दिसेल.

व्हिडिओ मीटिंगचा प्रोग्रॅम, गाण्यांचा, चॅटचा, निरनिराळे ‘अपडेटर’, प्रिंटरचा शाई दाखवणारा मदतनीस, हे सगळे डिसेबल करायला हरकत नाही. प्रोग्रॅम जात नाही, फक्त आपणहून उठत नाही. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांना हात लावू नका. आणि एक खास तुमच्यासाठी: मराठी टायपिंगसाठी वेगळा प्रोग्रॅम वापरत असाल तर तोही याच यादीत असतो. तो बंद केला की दुसऱ्या दिवशी वर्डमध्ये इंग्रजी अक्षरं उमटतात आणि फाँट बिघडला असं वाटून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

बारा नावं असतील आणि संशय कुणावर घ्यावा कळत नसेल तर सहा बंद करून मोजा. फरक पडला तर गुन्हेगार त्या सहांत, नाहीतर उरलेल्या सहांत. मग तीन, मग दीड-दोन. चार फेऱ्यांत एकटा गुन्हेगार सापडतो. दहा जणांनी थोडा थोडा वेळ खाल्ला असेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा सरळ डिस्कच्या रकान्यातले वरचे पाच बंद करा.

भाच्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. टास्क मॅनेजरच्या मेमरीत नुसत्या डेस्कटॉपवरच ८५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर रॅममध्ये न मावलेलं विंडोज त्याच दमलेल्या डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुन्हा वाचतं. ८ जीबी केल्यास ती ये-जा थांबेल, पण डिस्क तीच राहील. पैसे एकदाच घालायचे असतील तर ते एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर घाला: २.५ इंची, साटा जोडणीची, ७ मिलिमीटर जाडीची. तिला फिरणारं काही नाही, त्यामुळे वरचे १७-१८ मिलिसेकंद एका मिलिसेकंदाच्याही खाली येतात. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर करता येते, सगळं पुन्हा बसवावं लागत नाही. अट इतकीच की जुन्या डिस्कवर प्रत्यक्ष भरलेली जागा नव्या एसएसडीत मावली पाहिजे. डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीचं कुलूप) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या आणि प्रत होत असताना चार्जर लावलेला ठेवा.

दुरुस्तीवाल्याच्या फॉरमॅटने फरक पडेलही, पण तो स्टार्टअपची यादी रिकामी झाल्यामुळे. महिन्याभरात तेच प्रोग्रॅम परत बसवलेत की पुन्हा साडेचार मिनिटं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही एसएसडी घेण्याआधी ध्यानात घ्या. प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर विंडोज ११ बसण्याची आशा आहे, सातव्या पिढीचे एखाद-दुसरे अपवाद सोडता बसत नाहीत.

प्रश्न : रात्री शटडाउन करून सकाळी चालू केला की २० सेकंदांत तयार होतो. रिस्टार्ट केला की सव्वा मिनिट लागतं. उलट नको का व्हायला?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तुमचा शटडाउन पूर्ण नसतो. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं, तेव्हापासून शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवरच्या एका फाइलीत गोठवून ठेवले जातात. सकाळी ते फक्त परत रॅममध्ये उतरवले जातात. रिस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून. म्हणून खरी वेळ रिस्टार्टची, आणि साखळीच्या बाईंना आम्ही रिस्टार्टच करायला सांगितलं ते यामुळेच. खात्री हवी असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद करूनही तिथे नऊ-दहा दिवस दिसतील.

यात वाईट काही नाही, हार्ड डिस्कवर तर फायदाच. पण एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत गोठला तर रोज तोच बिघाड घेऊन उठतो. ‘बंद करून चालू केलं तरी वायफाय दिसत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा अशीच असते. रिस्टार्ट केला की सुटते. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक केलं तर त्या एका वेळेपुरता शटडाउन पूर्ण होतो.

प्रश्न : काजूच्या वखारीतला कॉम्प्युटर. एसएसडी आहे, ८ जीबी रॅम आहे. पासवर्ड टाकला की डेस्कटॉप लगेच येतो, पण पुढचं दीड मिनिट फाइल एक्स्प्लोरर उघडत नाही, हिशेबाचा प्रोग्रॅमही नाही. माऊस मात्र हलतो. सीझनमध्ये शेतकरी दारात बिया घेऊन उभे असतात आणि आम्ही पडद्याकडे बघत.
(एक व्यापारी, वाळपई)

उत्तर : माऊस हलतो, डिस्कही शांत, तरी सगळं थांबलेलं, म्हणजे मशीन काम करत नाही, कुणाची तरी वाट बघत आहे. आणि वाट बघायची सवय नेटवर्कची. एकदा लॅनची केबल काढून (वायफाय असल्यास तेही बंद करून) चालू करून बघा. दीड मिनिटाचं दहा सेकंदांवर आलं तर निदान झालं. केबल नसली की विंडोजला ‘नाही’ हे उत्तर तत्काळ मिळतं. केबल असली आणि पलीकडचं यंत्र नसलं की ते उत्तर येईपर्यंत थांबतं, आणि प्रत्येक हरवलेल्या पत्त्यासाठी वेगळं थांबतं.

आता हरवलेले पत्ते शोधा. ‘धिस पीसी’मध्ये झेड किंवा वाय अशा अक्षराचा नेटवर्क ड्राइव्ह लाल फुलीसह दिसतो का? जुन्या कॉम्प्युटरवरची हिशेबाची फाइल उघडता यावी म्हणून कधीतरी जोडलेला, आणि ते यंत्र आता भंगारात गेलेलं, असा हा मामला बहुधा निघतो. राइट क्लिक करून डिस्कनेक्ट करा. मग डेस्कटॉपवरचे शॉर्टकट बघा. एखाद्याचं चित्र जाऊन पांढरा कागद दिसत असेल तर तो त्याच गेलेल्या ड्राइव्हकडे बोट दाखवतोय. एक्स्प्लोरर प्रत्येक वेळी त्याचं चित्र आणायला तिथे जातो, म्हणून तोही काढा. क्विक अ‍ॅक्सेसमधले पिन केलेले फोल्डर तसेच. शेवटी प्रिंटर: काट्याच्या खोलीतला, आता नसलेला नेटवर्क प्रिंटर डीफॉल्ट म्हणून राहिला असेल तर हिशेबाचा प्रोग्रॅम उघडताना त्यालाच विचारत बसतो. डीफॉल्ट बदला आणि जुना काढून टाका.

केबल काढूनही दीड मिनिट तसंच राहिलं तर नेटवर्क निर्दोष आहे. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, सर्व्हिसेसमध्ये ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करा (ही खूण विसरू नका, नाहीतर विंडोजच्याच सर्व्हिसेस बंद व्हायच्या) आणि उरलेल्यांवर वर सांगितलेली निम्म्या-निम्म्याची युक्ती चालवा. हिशेबाच्या प्रोग्रॅमची डेटाबेस सर्व्हिस गुन्हेगार निघाली तर तिला ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करा असं कुणी सुचवेल. करू नका. तशी सर्व्हिस इतर सर्व्हिसेस उठल्यानंतर साधारण दोन मिनिटांनी सुरू होते, आणि तेवढ्यात हिशेब उघडलात तर ‘सर्व्हर सापडत नाही’ असा निरोप येतो. दारातला शेतकरी दीड मिनिटाऐवजी दोन मिनिटं उभा.

प्रश्न : गेस्ट हाऊसच्या कचेरीतला डेस्कटॉप. बटण दाबल्यावर अर्धा-पाऊण मिनिट काळा पडदा, मग कधी कधी ‘एफ१ दाबा’ असं येतं आणि तारीख मागच्या कुठल्यातरी सालात गेलेली असते. एकदा विंडोज सुरू झालं की वेग छान.
(एक वाचक, शिवोली)

उत्तर : विंडोजला दोष नाही, सगळा वेळ पहिल्या टप्प्यात जातोय. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ असतो (जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये तो दिसत नाही). बहुतेक मशीनमध्ये तो ५ ते १५ सेकंदांत असतो. तुमचा ४०च्या पुढे निघेल.

तारीख मागे जाते म्हणजे मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर२०३२ मागा, ३ व्होल्टचा असतो. मीटरवर २.७च्या खाली दिसला तर बदलायचा. तो संपला की बायोसच्या सेटिंग मूळ स्थितीला जातात, म्हणून दर वेळी सगळं हार्डवेअर नव्याने ओळखणं, नेटवर्कवरून बूट होण्याचा प्रयत्न, तो फसणं, मग डिस्क, असा लांबचा फेरा होतो. बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. मुख्य लक्ष ‘साटा मोड’वर, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायच्या पद्धतीवर (रेड आणि एएचसीआय या तशा दोन पद्धती). विंडोज बसवताना तिथे रेड असेल आणि सेल बदलल्यावर एएचसीआय झालं (किंवा उलट), तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं आणि उगाच सगळं उडालं असं वाटतं. मोड पूर्वीचा केला की येतं. प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग सेल काढा, नव्याची अधिकाची बाजू वर. नंतर तारीख लावा, बूटच्या क्रमात विंडोजची डिस्क पहिली ठेवा आणि नेटवर्क बूट बंद करा. मागे पेनड्राइव्ह किंवा पाहुण्यांच्या तिकिटांसाठी कार्ड रीडर कायम लावलेला असेल तर तो काढून एकदा मोजा. काही बायोस त्यातच बूट शोधत राहतात.

तुमच्याकडे आणखी एक शत्रू आहे, खारं वारं. किनाऱ्यालगत उघड्या खिडकीपाशी ठेवलेल्या मशीनमध्ये रॅमच्या आणि साटाच्या पिनांवर ओलसर मीठ आणि गंज धरतो. पॅनल उघडलंच आहे तर रॅमच्या पट्ट्या काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने सोनेरी कडा पुसा, वाळू द्या, दोन्ही बाजूंची खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत बसवा. साटा केबलची दोन्ही टोकं काढून परत लावा. केबल खराब होती की नाही ते क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या सी७ या ओळीवरून कळतं. डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये बिघडून पोचलेल्या निरोपांची ती मोजणी. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर शून्य व्हायची वाट बघू नका. आजचा आकडा लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी तोच असेल तर काम झालं. वाढत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये १२९ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदीही सापडतील, आणि तेव्हा फक्त केबल नव्हे, बोर्डावरचं पोर्टही बदलून बघा. पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. गेल्या आठवड्यात तिसरं लिनक्स बसवून बघितलं आणि काढून टाकलं. तेव्हापासून उबुंटू चालू होताना नेमकं दीड मिनिट अडतं. ‘स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं काहीतरी येतं.
(एक विद्यार्थी, फर्मागुढी)

उत्तर : ‘नेमकं दीड मिनिट’ या शब्दांतच उत्तर आहे. सिस्टमडी (उबुंटू चालू होताना बाकी सगळं उठवणारा प्रोग्रॅम) एखादं डिव्हाइस मागून घेतं तेव्हा मुळात ९० सेकंद वाट बघतं, मग नाद सोडून पुढे जातं. तिसऱ्या लिनक्सच्या इन्स्टॉलरने स्वॅपचं पार्टिशन (रॅममध्ये न मावलेलं ठेवायचा डिस्कचा भाग) नव्याने फॉरमॅट केलं असणार. पार्टिशन जागेवरच आहे, पण त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला आणि तुझ्या उबुंटूला जुनाच माहीत आहे.

टर्मिनलमध्ये ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ’ ही आज्ञा (मध्ये जागा नाही, जोडरेघ) दिलीस की फर्मवेअर, लोडर, कर्नल आणि यूजरस्पेस (कर्नलनंतर उठणारं बाकी सगळं) असे चार वेगळे आकडे मिळतात. विंडोजवाल्यांना यासाठी स्टॉपवॉच किंवा इव्हेंट व्ह्यूअर धरावा लागतो. तुझ्याकडे यूजरस्पेस दीड मिनिटाच्या वर दिसेल. पुढे ‘ब्लेम’ जोडलंस तर प्रत्येक युनिटचा (सिस्टमडीने उठवलेल्या एकेका कामाचा) वेळ उतरत्या क्रमाने येतो, पण या यादीवर आंधळा विश्वास ठेवू नकोस. युनिट्स एकाच वेळी धावतात, त्यामुळे वरच्या क्रमांकाचं युनिट कुणालाच अडवत नसेल असंही होतं. ‘ब्लेम’ऐवजी ‘क्रिटिकल-चेन’ दिलंस की कोण कुणासाठी थांबलं ती साखळी दिसते. नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन हे नाव ब्लेममध्ये हमखास वर असतं. ते साखळीत असेल तरच त्याच्या मागे लाग.

आता दुरुस्ती. ‘सुडो बीएलकेआयडी’ने सगळ्या पार्टिशनांचे आत्ताचे यूयूआयडी बघ. ईटीसी फोल्डरातली एफएसटॅब फाइल (चालू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी) उघडून स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी त्याच्याशी ताडून बघ आणि बदल. फाइलची प्रत आधी काढून ठेव. या फाइलीत मुळाच्या पार्टिशनची ओळ चुकली तर मशीन आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन थांबतं. बाहेरची किंवा कधीमधी लागणारी डिस्क या यादीत असेल तर तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ टाक, म्हणजे ती नसताना अडणार नाही.

एवढं केल्यावर दीड मिनिट जाईल, पण कदाचित कर्नलच्या आकड्यात ३० सेकंद उरतील. कारण हायबरनेशनसाठी (रॅम डिस्कवर गोठवून बंद करण्यासाठी) तोच जुना यूयूआयडी इनिट्रॅमएफएसच्या (कर्नलबरोबर आधी रॅममध्ये उतरणाऱ्या छोट्या यंत्रणेच्या) ‘रिझ्यूम’ नावाच्या छोट्या फाइलीतही असतो (ईटीसी, इनिट्रॅमएफएस-टूल्स, कॉन्फ.डी या वाटेने). तिथेही बदलून ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ उणे यू देऊन चालव. इनिट्रॅमएफएस-टूल्सवाल्या उबुंटूत इनिट्रॅमएफएसचा वेळ वेगळा दाखवत नाहीत, तो कर्नलमध्येच मिळवलेला असतो. त्यामुळे कर्नल मंद झाला असं वाटून लोक कर्नलच बदलत बसतात.

आणि विंडोजचं पार्टिशन लिनक्समधून वापरत असशील तर तिकडचं फास्ट स्टार्टअप बंद कर. गोठवलेल्या विंडोजचं पार्टिशन लिनक्स लिहिण्यासाठी उघडत नाही, आणि उघडू नये हेच बरं.

प्रश्न : एका व्हिडिओत बघून एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या ४ केली, प्रीफेच फोल्डर रिकामं केलं, रजिस्ट्री साफ करणारा प्रोग्रॅमही घातला. फरक शून्य.
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : शून्य आला हे नशीब. ती प्रोसेसरची खूण संख्या मर्यादित करण्यासाठी आहे, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या चाचण्यांसाठी. खूण नसताना विंडोज सगळे कोअर आपणहून वापरतंच. प्रीफेचमध्ये मागच्या वेळी कोणत्या फाइली लागल्या त्याची टिपणं असतात. ती पुसली की पुढची एक-दोन वेळा उलट जास्त वेळ लागतो, मग विंडोज ती पुन्हा लिहून काढतं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगची वही. तिच्यातल्या हजारभर अनाथ नोंदी चालू होण्याच्या वाटेवर येतच नाहीत, तेव्हा त्या काढून वाचणार काय? हा साफ करणारा प्रोग्रॅम मात्र स्वतःला स्टार्टअपच्या यादीत घालतो, बहुधा ‘हाय’ शेऱ्यासह. तो आधी काढा. मग एमएसकॉन्फिगमध्ये बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स इथे जाऊन प्रोसेसरवरची खूण काढा. शेजारच्या ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण पडली असेल तर तीही काढा, कारण तिथे चुकून कमी आकडा बसला असेल तर ८ जीबीच्या मशीनमध्ये विंडोज तेवढीच रॅम वापरतं. व्हिडिओ बघून केलेल्या बदलानंतर ‘रॅम अचानक कमी कशी दाखवते’ असं विचारणाऱ्यांनी पहिली तीच जागा बघावी.